लाल वहीच्या तीन सत्यप्रती

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांमुळे झालेली आहे, आणि ज्या दिवशी सगळे एका टेबलाभोवती बसून बोलायला लागतील त्या दिवशी संस्कृतीचा ऱ्हास सुरू होईल. हा सिद्धांत लक्ष्मीकांत चिटणीस यांनी एका सोमवारी सकाळी, सुदामा नगरातल्या आपल्या घराच्या फाटकात उभं राहून, दूधवाल्याला ऐकवला. दूधवाल्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, "बाबूजी, आधा लीटर ही ना? पतीली तो लाओ."

लक्ष्मीकांत आत जाऊन पातेलं घेऊन आले.

सिद्धांत हवेतून आलेला नव्हता. त्यांनी एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची एकोणीस हेडक्लार्क म्हणून. त्यांच्या कचेरीत आवक शाखा आणि जावक शाखा यांच्यामध्ये एक भिंत होती, भिंतीला एक दार होतं आणि दाराशी लक्ष्मीकांतांचं टेबल होतं. दोन्ही शाखांच्या प्रमुखांचं कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत बिनसलेलं. तेव्हापासून बोलणं बंद. त्यामुळे इकडचा कागद तिकडे जायचा तो लक्ष्मीकांतांच्या टेबलावरून. कागदाबरोबर माणूस यायचा, माणसामागून चहा यायचा. दिवसाकाठी दहा-बारा जण टेबलाशी थांबायचे. मग भोपाळहून एक तरुण साहेब आले. त्यांनी भिंत पाडली आणि दर सोमवारी सगळ्यांची एकत्र बैठक लावली. काम झपाट्याने व्हायला लागलं आणि टेबलाशी कुणी थांबेनासं झालं. पुढे लक्ष्मीकांतांच्या निवृत्तीचे कागदसुद्धा एका दिवसात हातावेगळे झाले. चौतीस वर्षांच्या सेवेचा एवढा अपमान दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

घरात रमाताई होत्या तोवर बोलण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. लक्ष्मीकांत फक्त पोच द्यायचे, "हं" म्हणून. तीन वर्षांपूर्वी रमाताई गेल्या. नंतरचे काही महिने लक्ष्मीकांत अधूनमधून "हं" म्हणत राहिले, मग तेही थांबलं. मुलगा निशांत इंदूरातच होता, म्हणजे बायपासच्या पलीकडे होता, आणि बायपासपलीकडे राहायला गेलेल्या माणसाला जुने इंदूरकर परगावीच धरतात. तो रविवारी फोन करायचा. "बाबा, सब ठीक?" "ठीक." "दवाई घेताय ना?" "घेतोय." एवढ्यात त्याला दुसरा फोन यायचा.

अशा परिस्थितीत जुलै महिन्यात अमिता मॅडम आल्या.

गावाबाहेर आरोग्यशिक्षणाची एक मोठी संस्था होती. तिच्यात डॉक्टर, नर्स आणि औषधतज्ज्ञ असे तिघेही घडत, तीन वेगवेगळ्या इमारतींत. कँटीन एकच होतं, पण त्यातही तिघांच्या रांगा वेगळ्या. डॉक्टर अमिता मॅडमनी ठरवलं की हे मोडून काढायचं. एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी तिन्ही इमारतींतला एकेक विद्यार्थी पाठवायचा आणि त्यांना एकत्र काम करायला शिकवायचं. घर मराठी तर मुलं मराठी, एवढी काळजीही त्यांनी घेतली होती.

"काका, बघा," मॅडम सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाल्या, "डॉक्टर पेशंटचा दाब बघतो, नर्स त्याची झोप बघते, फार्मासिस्ट त्याच्या गोळ्या बघतो. पेशंटला कुणीच बघत नाही. ते आम्ही या मुलांना शिकवतोय. तुम्ही आमचं पाठ्यपुस्तक."

लक्ष्मीकांतांना आजवर कुणी पाठ्यपुस्तक म्हटलं नव्हतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

मुलं तीन होती. मानस डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवला तर आपल्याला कुणी ओळखणार नाही अशी त्याला धास्ती असावी. पूर्णिमा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. केस घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. सार्थक औषधशास्त्राचा, तो आल्या आल्या टेबलावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या उलट्या करून तारखा वाचायला लागला.

"सिस्टर, काकांना जरा पाणी देता का?" मानस म्हणाला.

"पाणी तुझ्या कोपराशी आहे," पूर्णिमा म्हणाली. "आणि मी फायनल ईयरला आहे, तू थर्डला. सिनियर कोण, ते बोटांवर मोज."

सार्थक हसला.

"तू काय हसतोय?" मानस म्हणाला. "तुला तर मेडिकलचं दुकानच टाकायचंय."

"दुकान काकाचं आहे भिया, मल्हारगंजात. माझा तो छे साल का कोर्स आहे. तुझ्यापेक्षा लंबा."

मॅडम फॉर्म भरत होत्या, त्यांनी यातलं काही ऐकलं नाही. फॉर्म संपल्यावर त्यांनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची एक जाड वही काढली. तिघांच्या तासिका जुळत नव्हत्या, म्हणून सोमवारी मानस येणार, बुधवारी पूर्णिमा, शुक्रवारी सार्थक. पेशंटची माहिती फोनवरच्या ग्रुपात टाकायची नाही, हा संस्थेचा कडक नियम. जे असेल ते वहीत लिहायचं, पुढच्याने आधीच्याचं वाचायचं.

"ही वही म्हणजे तुमची बैठक," मॅडम म्हणाल्या. "ती काकांच्या घरी राहील. तुमचं टीमवर्क जमलं की मग तीन चकरांची गरजच नाही. महिन्यातून एकदा तिघं मिळून यायचं, अर्ध्या तासात काम पूर्ण."

मॅडमनी आयुष्यात पुष्कळ वैद्यकीय चुका टाळल्या असतील. निवृत्त हेडक्लार्कच्या ताब्यात वही देण्याची चूक मात्र त्यांना टाळता आली नाही.

अर्थात पहिले दोन आठवडे लक्ष्मीकांतांच्या मनात काही नव्हतं. सोमवारी मानस आला, त्याने रक्तदाब घेतला, वहीत लिहिला. बुधवारी पूर्णिमाने ते वाचून खाली लिहिलं, "दाब घेण्याआधी पाच मिनिटं बसवायचं असतं. बसवलं होतं का?" शुक्रवारी सार्थकने त्याखाली लिहिलं, "दोघांनीही साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारलेलं नाही." लक्ष्मीकांतांनी हे सारं चष्मा लावून वाचलं आणि त्यांना फार बरं वाटलं. आवक-जावक पुन्हा सुरू झाली होती.

पण तिसऱ्या सोमवारी मानस वही वाचता वाचता थांबला. "बरोबर बोलतेय ती," तो स्वतःशी म्हणाला, आणि लक्ष्मीकांतांना पाच मिनिटं बसवून मग त्याने दाब घेतला. बुधवारी पूर्णिमाने ते वाचलं आणि कोपऱ्यात "छान" असं लिहिलं. शुक्रवारी सार्थक म्हणाला, "काकाजी, हे दोघं सुधरतायत. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून आम्ही साथच येऊ. तुम्हालाही रोज रोजची झंझट नको."

"हो ना," लक्ष्मीकांत म्हणाले. "झंझटच."

सार्थक गेल्यावर ते बराच वेळ फाटकाशी उभे होते. उद्या शनिवार होता. शनिवारी कुणी यायचं नाही. शनिवारी लक्ष्मीकांत सकाळचा पेपर मुद्दाम दोन भागांत वाचायचे, अर्धा आत्ता आणि अर्धा चारनंतर, म्हणजे चारनंतरही काहीतरी असायचं. रविवारी निशांतचा फोन. मंगळवारी ते कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी घ्यायला जायचे. घरात काडेपेट्या सतरा होत्या, आणि गॅस लायटरने पेटायचा. गुरुवारचं अजून काही जमलेलं नव्हतं. गुरुवार नुसता असायचा.

याउलट सोमवारी दाढी होती. बुधवारी पोहे होते, कारण पूर्णिमा सकाळी काही न खाता यायची. शुक्रवारी सार्थकसाठी शेव आणून ठेवायची होती, आणि ती आपल्याला चालत नाही याबद्दल त्याचं व्याख्यान ऐकायचं होतं. महिन्यातून एकदा अर्धा तास म्हणजे वर्षाचे सहा तास. सहा तासांसाठी माणूस दाढीचा नवा ब्रशसुद्धा घेणार नाही.

शनिवारी पेपर दोन भागांत वाचायचं सोडून लक्ष्मीकांत मल्हारगंजात गेले आणि ओळखीच्या दुकानातून लाल पुठ्ठ्याच्या तीन वह्या घेऊन आले. मॅडमच्या वहीतली आजवरची सगळी पानं त्यांनी तिन्हींत उतरवली. प्रत्येक पानाखाली "सत्यप्रत" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मूळ वही फाडायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. मूळ कागद फाडणारा हेडक्लार्क अजून जन्माला यायचाय. ती त्यांनी कपाटात अभिलेख म्हणून ठेवली.

"जुन्या वहीवर चहा सांडला," त्यांनी सोमवारी मानसला सांगितलं. बुधवारी पूर्णिमाला सांगितलं. शुक्रवारी सार्थकला सांगितलं. तिघांनीही सत्यप्रतीची सही पाहिली आणि कुणालाच संशय आला नाही. सरकारी सहीमध्ये तेवढं सामर्थ्य असतं.

त्या दिवसापासून मानसच्या वहीत फक्त मानस लिहू लागला, पूर्णिमाच्या वहीत पूर्णिमा आणि सार्थकच्या वहीत सार्थक. दोन आठवड्यांनी मानसने विचारलं, "काका, बाकीचे दोघं काही लिहीतच नाहीत का?"

लक्ष्मीकांतांनी चष्मा पुसला. "मी कुणाची चुगली करत नाही," ते म्हणाले.

याहून मोठी चुगली जगात नसते. मानसने ओठ आवळले. बुधवारी तोच प्रश्न पूर्णिमाने विचारला, तिलाही तेच उत्तर मिळालं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं. डॉक्टर लोक नर्सचं लिहिलेलं वाचतात कुठे." शुक्रवारी सार्थक म्हणाला, "जाऊ द्या काकाजी, त्यांच्या नजरेत आपण दुकानवालेच." आणि त्याने शेवेची पुडी जवळ ओढली.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. लक्ष्मीकांतांचे सुखाचे दिवस होते. मात्र पाठ्यपुस्तकात नवं काही नसेल तर मुलं कंटाळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी प्रत्येकासाठी वेगळी तक्रार नेमून दिली. मानसला डोकं जड होण्याची, पूर्णिमाला झोप न लागण्याची आणि सार्थकला भूक मंदावल्याची. तिघंही मान पुढे करून ऐकायचे. इतक्या लक्षपूर्वक लक्ष्मीकांतांचं बोलणं रमाताईंनीही कधी ऐकलं नव्हतं.

एकदा पूर्णिमा पोहे खाता खाता म्हणाली, "काका, रोज झोपायच्या आधी तुम्ही काय करता?"

"दार लावतो."

"मग?"

"मग बघतो, लागलंय का."

ती काहीतरी लिहिणार होती. लिहिलं नाही. ताटली धुऊन ठेवून गेली. पुढचे सहा दिवस लक्ष्मीकांत त्या ताटलीतून जेवले नाहीत.

ऑक्टोबरच्या एका सोमवारी मानसला यायला उशीर झाला. लक्ष्मीकांत दोनदा गच्चीवर जाऊन गल्ली पाहून आले. तिसऱ्यांदा चढत असताना खालून बेल वाजली, तेव्हा ते जेवढ्या वेगाने उतरले तेवढ्या वेगाने नोकरीत असताना साहेबांच्या बेललाही कधी गेले नव्हते. मानसने त्यांना नियमाप्रमाणे पाच मिनिटं बसवलं, पण आनंद पाच मिनिटांत उतरत नाही. दाब एकशे सत्तर भरला. डोकं जड होण्याची तक्रार तर वहीत अगोदरपासून होतीच. मानस घाबरला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना संस्थेच्या ओपीडीत मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मोठ्या डॉक्टरांनी दाबाची गोळी बदलून जास्त ताकदीची दिली. शिवाय तो मंगळवार होता, म्हणजे लक्ष्मीकांतांना एक दिवस वर मिळाला.

बुधवारी पूर्णिमा आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरायला बसली. "ही नवी पट्टी कसली?"

"मोठ्या डॉक्टरांनी दिली. दाबाची."

"मग जुनी बंद?"

लक्ष्मीकांतांनी विचार केला. नवा आदेश निघाला, आणि त्यात "पूर्वीचा आदेश रद्द" असं स्पष्ट लिहिलेलं नसलं, तर पूर्वीचा आदेश लागू राहतो. हे त्यांना चौतीस वर्षांत शिकवलं गेलं होतं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणून परत वाचली. रद्दचा उल्लेख कुठेही नव्हता.

"दोन्ही चालू," ते ठामपणे म्हणाले.

पूर्णिमाने दोन्ही गोळ्या खणांत टाकल्या. पण वहीत लाल शाईने लिहिलं, "मानस, जुनी गोळी चालू ठेवायची का? कृपया खात्री कर." आणि पुढचे तीन बुधवार त्या ओळीखाली उत्तर आलंय का ते ती बघत राहिली.

सार्थकने ती नवी पट्टी पाहिलीच नाही. तो पट्ट्या मोजणारा, कंपनीच्या नावामागचं औषधाचं नाव वाचणारा मुलगा. त्याला दिसली असती तर त्याने तिथल्या तिथे मानसला फोन लावला असता, आणि फोन लागला की बोलणं होतं, बोलणं झालं की टीम होते. म्हणून दर शुक्रवारी साडेतीनला नवी पट्टी आणि गोळ्यांची डबी पिठाच्या डब्यामागे जायची आणि पाचला परत यायची.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारी पूर्णिमाने पट्टा गुंडाळून दाब घेतला. परत घेतला. मग यंत्र बदलून घेतला. "काका, उठल्यावर चक्कर येते?"

"नाही," लक्ष्मीकांत म्हणाले. चक्कर येत होती. पण चक्कर कुणालाच नेमून दिलेली नव्हती.

ती खूप वेळ वहीतली आपली जुनी लाल ओळ बघत बसली. पोहे तसेच राहिले. जाताना दारात वळून म्हणाली, "आजची रात्रीची गोळी घेऊ नका. मी विचारून सांगते."

लक्ष्मीकांतांनी रात्रीची घेतली नाही. सकाळच्या दोन होत्या, त्याबद्दल ती काही बोलली नव्हती, त्या घेतल्या.

तो गुरुवार होता. नऊच्या सुमारास कचरागाडी गाणं लावून गल्लीत आली. लक्ष्मीकांतांनी ओला आणि सुका असे दोन्ही डबे बाहेर नेऊन रिकामे केले, दार नुसतं लोटलं, आणि स्वयंपाकघरात डबे ठेवायला वाकले. वाकले ते ठीक, पण सरळ होताना ओट्याची कड होती तिथे नव्हती. फरशी मात्र होती.

शुद्ध गेली नाही. गेली असती तर बरं, असं त्यांना थोड्या वेळाने वाटलं. गुडघा वळत नव्हता, मान उचलली की भिंती फिरत होत्या. त्यांनी हाक मारली, पण गल्लीत गाडीचं गाणं चाललं होतं आणि अख्खी गल्ली स्वच्छतेत गुंतलेली होती. गाणं लांब गेलं तोवर हाक मारायची ताकद संपली. मग कुकरचं झाकण दिसत होतं ते बघत ते पडून राहिले.

आज गुरुवार. सार्थक उद्या चारला. म्हणजे एकतीस तास. तीन दिवस त्यांनी जिवापाड सांभाळले होते, आणि पडायचं ते चौथ्याच दिवशी पडले होते. निशांत रविवारी विचारेल, "सब ठीक?" फोन बाहेरच्या खोलीत वाजेल. तोही ठीकच समजेल.

त्यांना रमाताईंची आठवण येईल असं वाटलं होतं. आली नाही. आठवलं ते टेबल. भिंत पाडल्यानंतरचे ते दोन महिने, ते टेबल खोलीच्या मधोमध उघडं पडलं होतं आणि माणसं त्याला वळसा घालून जायची.

साडेअकराला फाटक वाजलं. आवाज आले, एक नव्हे, तीन, आणि एकमेकांवर चढलेले.

"मी महिनाभर लिहितेय, लाल पेननं लिहितेय, तुला दिसत नाही?"

"अगं पण कुठे लिहितेस? वहीत फक्त माझं अक्षर आहे."

"अरे यार, माझ्या वहीत तर तुम्ही दोघंच नाही, वो क्या बात है?"

झालं असं होतं की पूर्णिमाने सकाळी फोन न करता सरळ डॉक्टरकीच्या इमारतीत जाऊन, भर वर्गाबाहेर, मानसला गाठलं होतं. त्या इमारतीत नर्सिंगची मुलगी भांडायला शिरल्याची ही पहिलीच वेळ होती. भांडता भांडता दोघांना शंका आली की आपण एकाच वहीबद्दल बोलतोय, पण वही बहुधा एक नाही. मग त्यांनी सार्थकला उचललं आणि तिघं एका गाडीवर बसून आले, जे इंदूरात कायद्याने मना आहे आणि सगळे करतात.

स्वयंपाकघरातून लक्ष्मीकांतांना तिन्ही आवाज ऐकू आले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की संपलं. सुटलो, हा दुसरा.

पुढची दहा मिनिटं त्यांच्याशी कुणी बोललं नाही. पूर्णिमाने पाय उचलून पाटावर ठेवले, पट्टा गुंडाळला. "पंच्याऐंशी-पन्नास." मानसने डोकं चाचपलं, डोळ्यांत टॉर्च मारला, गुडघा पाहिला. "डोक्याला नाही लागलेलं. सार्थक, काय काय घेतायत ते बघ." सार्थक आधीच ओट्यापाशी होता. आज शुक्रवार नव्हता, त्यामुळे नवी पट्टी आणि डबी पिठाच्या डब्यामागे नव्हती, पुढेच होती. त्याने दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. "एकच औषध आहे. कंपनी वेगळी, नाव वेगळं. हे चाळीस, हे ऐंशी. दोन्ही चालू आहेत, महिना झाला." "किडनी बघावी लागेल." "साखर बघते." "गाडी बोलाव." "बोलावली." एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. अमिता मॅडमना जे चार महिन्यांत दिसलं नव्हतं, ते सगळं लक्ष्मीकांतांच्या अंगावरून इकडून तिकडे जात होतं, आणि ते मधे आडवे होते.

रुग्णवाहिकेची वाट बघताना मानसला बाहेरच्या खोलीतल्या कपाटात वह्या सापडल्या. त्याने चार लाल वह्या आणून फरशीवर ओळीने मांडल्या.

"काका, हे काय आहे?" पूर्णिमाने विचारलं.

"एक मूळ," लक्ष्मीकांत पडल्या पडल्या म्हणाले, "आणि तीन सत्यप्रती."

"पण का?"

ते छताकडे बघत होते. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावर कारण लिहिलं नव्हतं. कारण लिहायचं काम वरच्यांचं. "सोमवार, बुधवार, शुक्रवार," ते म्हणाले.

मानसला कळलं नाही. सार्थकला कळलं, त्याने खिडकीकडे तोंड केलं. पूर्णिमाला सगळ्यांत आधी कळलं होतं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही मेला असतात," ती म्हणाली. "आणि डबी मी भरलेली होती. मी." आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, मी नर्स म्हणून कुणी उत्तर देत नाही. रोज वाटायचं."

लक्ष्मीकांतांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना जाणवलं, की या विषयावर पोच देण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही.

"हं," ते म्हणाले.

दोन दिवस ते संस्थेच्या रुग्णालयात होते. निशांत आला, बायपास ओलांडून. "बाबा, पहिले क्यों नहीं सांगितलं?" असं दोनदा म्हणाला, डॉक्टरांचा नंबर घेतला, सफरचंदं ठेवली आणि रस्त्यात जाम लागेल म्हणून लवकर निघाला.

पुढच्या शनिवारी सुदामा नगरात अमिता मॅडम आणि तिन्ही मुलं एकत्र आली. मॅडम रागावतील असं लक्ष्मीकांतांना वाटलं होतं, पण मॅडमचा चेहरा उजळलेला होता. शिक्षकाला विद्यार्थ्याची चूक सापडली तर दुःख होतं. पाठ्यपुस्तकाची सापडली तर शोधनिबंध होतो.

"काका, तुम्ही यांना जे शिकवलंत ते मला चार वर्गांत शिकवता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "माहिती तुटली की माणूस पडतो. आता बघा यांची टीम."

आणि टीम खरंच झाली होती. तिघं एकाच सोफ्यावर बसले होते, जो दोघांचा होता. सार्थक काहीतरी पुटपुटला आणि बाकीचे दोघं हसले. कशाला ते लक्ष्मीकांतांना कळलं नाही. त्यांनीही थोडंसं हसून घेतलं. मानस आता पूर्णिमाला पूर्णिमा म्हणत होता. पूर्णिमा लक्ष्मीकांतांना काका म्हणत नव्हती. तिने दाब घेतला, आकडा मानसला सांगितला, पट्टा गुंडाळला. पोहे केले होते. ती म्हणाली, खाऊन आलोय.

मानसने कागद काढला. तिघांनी मिळून केलेला पहिला आराखडा, एका पानावर, तीन रकाने: काम, कोण करणार, केव्हा. गोळ्यांची एकच यादी, सार्थक. जुन्या पट्ट्या जप्त, सार्थक. डबीची तपासणी, पूर्णिमा. दाब आणि साखर, मानस. गुडघ्याचा व्यायाम, चक्कर आली तर कुणाला फोन, ओपीडीची तारीख. कोपऱ्यात एक ओळ पूर्णिमाच्या अक्षरात होती: एकटे असतात, मुलाशी बोलणे. ती मानसने जरा भरभर वाचली. "काहीही राहिलेलं नाही, मॅडम. पेशंटच्या सगळ्या गरजा कव्हर झाल्या." शेवटची ओळ भेटीची होती. दर महिन्याचा पहिला शनिवार, तिघं एकत्र, अर्धा तास.

लक्ष्मीकांतांनी कागद दोनदा वाचला. आराखडा निर्दोष होता. पूर्वीचे सर्व आदेश रद्द, असंही खाली लिहिलेलं होतं. ते सार्थकने घातलं असणार; दोन्ही गोळ्या का चालू ठेवल्या, हे रुग्णालयात त्यानेच विचारून घेतलं होतं. त्यांनी सही केली, तारीख घातली.

"आता शेवटचं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "काका, पेशंट हाच टीमचा मुख्य सदस्य. तेव्हा तुम्ही सांगा. या टीमकडून तुमची काय अपेक्षा आहे? अगदी मनातलं. जे आजवर कुणाला सांगितलं नसेल."

तिन्ही पेनं उघडली गेली. लक्ष्मीकांतांनी एकेकाकडे पाहिलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गुरुवारबद्दल होतं, काडेपेट्यांबद्दल होतं, त्या एका धुतलेल्या ताटलीबद्दल होतं. त्यांनी घसा साफ केला, खुर्चीत सरळ बसले, मग जरा पुढे सरकले आणि हात मागे वळवून खांद्यामागे न्यायचा प्रयत्न केला. हात अर्ध्यात थांबला.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "पाठीच्या मधोमध एक जागा आहे, तिथे हात पोचत नाही. कुणीतरी जरा खाजवून देता का?"